खिशातला स्विस चाकू

व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरचा चाकू असेल, तर डबा फोडायच्या पात्याचं टोक बघा. ते चपटं टोक स्टार स्क्रूतही बसतं! कुकरची ढिली मूठ, प्लगचा स्क्रू, सगळं त्यावर भागतं. १८९७ मध्ये कार्ल एल्सनर यांनी या चाकूची नोंदणी केली. एकच स्प्रिंग दोन्ही बाजूंची अवजारं धरते. मला ही रचना फारच आवडते.

या आकाराच्या चाकूचं पातं लॉक होत नाही, म्हणून टोकाने भोकं पाडू नका, बोटांवर मिटेल. त्यासाठी मागची आर वापरा. आंब्याचा चीक बसला, तर कोमट पाण्यात उघडझाप करून पुसा, बिजागरीत तेलाचा थेंब सोडा. आणि विमानप्रवासात तो चेक-इन बॅगेतच टाका, नाहीतर सुरक्षा तपासणीत काढून घेतात.