बिजागरीचा खिळा

या व्याख्यानमालेत राज्यकारभार, वाङ्मय, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने होतात. आज मी आपल्यापुढे जो विषय घेऊन उभा आहे तो बोटाएवढा आहे, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. घराच्या दाराला बिजागरी असते आणि बिजागरीच्या पोटात एक खिळा असतो. सुतार त्याला पिन म्हणतात. त्या खिळ्यात माणसाने कोणत्या सुधारणा केल्या आणि त्या कां कराव्या लागल्या, एवढेच मला सांगावयाचे आहे. विषय क्षुद्र आहे असे कोणास वाटले तर त्यांनी आधी एक घरगुती हकीकत ऐकावी आणि मग काय ते ठरवावे.

मी दहाबारा वर्षांचा असेन. आषाढातली सकाळ होती. आमची आजी न्हाणीघरात गेली, आतून कडी लावली आणि घेरी येऊन पडली. हाक मारली तर फक्त कण्हणे ऐकू येई. दार बाहेर उघडणारे असल्यामुळे खांद्याने ढकलून उपयोग नव्हता. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला, आमच्या डोळ्यांसमोर होत्या. पण त्यांचे खिळे दोन्ही टोकांना ठोकून बसवलेले होते. ते निघेनात. शेवटी वडिलांनी कुऱ्हाड आणून फळ्या फोडल्या. त्यात पाव तास गेला. आजी वाचली, मनगट मात्र मोडले.

दुसऱ्या दिवशी दार दुरुस्त करायला आलेले सुतारकाका वडिलांना म्हणाले, "अण्णा, इथं सुटत्या खिळ्याची बिजागरी असती तर कुऱ्हाड लागलीच नसती. दोन खिळे उपसायला कितीसा वेळ?" वडिलांना ते इतके पटले की घरातल्या सगळ्या दारांना तशाच बिजागऱ्या लावा, असे त्यांनी सांगून टाकले. तेव्हा काका परसदाराकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथं नको. ते दार बोळात उघडतं. तुमच्या आधी चोर उपसेल."

त्या दोन वाक्यांत आजचे सारे व्याख्यान आहे. एकाच खिळ्याने एका दारात सुटले पाहिजे आणि दुसऱ्या दारात सुटता कामा नये. हा पेच कसा सोडवला गेला ते आता पाहू.

खिळा वेगळा कसा झाला

दार फिरण्यासाठी प्रारंभी वेगळा खिळा नव्हताच. दाराच्या एका कडेच्या उभ्या लाकडालाच वर आणि खाली गोल टोक ठेवीत. खालचे टोक उंबरठ्यातील दगडी खळग्यात आणि वरचे चौकटीतील भोकात बसे. आपल्या जुन्या वाड्यांची थोरली दारे अशीच फिरतात. ही रीत फार प्राचीन आहे. असीरियाचा राजा तिसरा शाल्मनेसर इसवी सनापूर्वी नवव्या शतकात होऊन गेला. त्याच्या बलावत येथील दरवाजांचे काशाचे पत्रे १८७८ साली सापडले आणि आज ते ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. ते दरवाजेही असेच खळग्यात फिरत.

या रचनेत बळकटी होती, पण खळगा झिजला किंवा टोक कुजले तर सबंध दार उतरवावे लागे. पुढे युरोपात चौकटीला किंवा भिंतीला उभा लोखंडी खुंट ठोकून दाराच्या पट्टीचे कडे त्यावर अडकवू लागले. फिरण्याचा आस आता दारापासून वेगळा झाला. त्यानंतरची पायरी म्हणजे आपली नेहमीची बिजागरी. तिची दोन पाती असतात, एक चौकटीला आणि एक दाराला. पात्यांच्या कडा वळवून नळीचे तुकडे केलेले असतात. सामान्यतः एका पात्याला तीन आणि दुसऱ्याला दोन. दोन्ही हातांची बोटे गुंफावीत तसे ते एकमेकांत बसतात आणि सर्वांतून खिळा जातो. येथे खिळा दाराचाही राहिला नाही आणि चौकटीचाही नाही. तो स्वतंत्र झाला, म्हणूनच त्याच्यात सुधारणा करणे शक्य झाले.

खिळ्यावर भार कोणता

पुष्कळांची समजूत अशी असते की दाराचे वजन खिळा उचलतो. वस्तुतः वजनाचा उभा भार नळीवर नळी टेकून पेलला जातो. खिळ्यावर येते ती आडवी ओढ, आणि ती वरच्या व खालच्या बिजागरीत एकमेकींच्या विरुद्ध असते. दार आपल्या वजनाने पुढे कलू पाहते. त्यामुळे वरची बिजागरी चौकटीपासून बाहेर ओढली जाते आणि खालची आत दाबली जाते.

ही ओढ किती, याचा हिशेब सोपा आहे. दार ३० किलो वजनाचे आणि ९० सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. त्याचे वजन मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर एकवटले आहे असे धरता येते. दोन बिजागऱ्यांत १५० सेंटिमीटर अंतर असेल तर ३० गुणिले ४५ भागिले १५०, म्हणजे ९ किलोची ओढ प्रत्येक बिजागरीवर येईल. त्याच बिजागऱ्या कोणी जवळजवळ, ९० सेंटिमीटर अंतरावर बसवल्या तर ती १५ किलो होईल. दारही तेच आणि बिजागरीही तीच, परंतु खिळ्याचे दुखणे दीडपटीहून अधिक वाढले. बिजागऱ्या दाराच्या वरच्या व खालच्या टोकांजवळ कां बसवतात, याचे उत्तर या भागाकारात आहे.

आता झीज पाहा. घरातले दार दिवसातून ५० वेळा उघडले तर वर्षाला १८,२५० वेळा उघडते आणि तितक्याच वेळा मिटते. ओढ नेहमी एकाच दिशेने असल्याने खिळा एकाच अंगाने खाल्ला जातो. वर एक मिलिमीटर आणि खाली एक मिलिमीटर झीज झाली की आपल्या या दाराची मोकळी कड सुमारे सव्वा मिलिमीटर खाली उतरते. मग कडी कोयंड्यात बसत नाही, दार फरशीला घासते आणि गृहस्थ सुताराला बोलावून खालची कड रंध्याने तासून घेतो. रोग खिळ्यात असतो आणि औषध लाकडाला दिले जाते!

चार तक्रारी आणि चार उपाय

पहिली तक्रार झिजण्याची. तिच्यावर सरळ उपाय खिळा जाड करण्याचा. पण खिळा जितका जाड तितके घर्षण त्याच्या मध्यापासून दूर होते आणि दार जड फिरते. जड दार लहान मूलही ढकलू शकते याचे कारण हेच की खिळ्याची त्रिज्या काही मिलिमीटरची आणि मुलाचा हात लागतो तो त्यापासून पाऊण मीटरवर. तरफेचा हा फायदा फार घालवून चालत नाही. म्हणून जड, सतत वर्दळीच्या दारांसाठी निराळी युक्ती निघाली. नळ्यांच्या मध्ये, खिळ्याभोवती, कडक पोलादी छर्रे बसवावयाचे. सायकलच्या चाकात असतात तसेच. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात न्यू ब्रिटन गावी १८४३ साली फ्रेडरिक स्टॅन्ले यांनी कडीबोल्टांचा कारखाना काढला. त्याच स्टॅन्ले कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास छऱ्यांच्या बिजागऱ्यांचा प्रसार केला. छर्रे घेतात तो उभा भार. आडव्या ओढीसाठी खिळा चांगल्या पोलादाचा आणि गुळगुळीत लागतोच. हलक्या दारांना नळ्यांच्या मध्ये नायलॉनच्या चकत्या घातल्या तरी पुष्कळ काम भागते.

दुसरी तक्रार गंजून अडकण्याची. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे नळीत खिळा आवळला जातो. दार कुरकुरते तेव्हा काय होते? खिळा क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे फार वेगाने चालते. सारंगीच्या गजाने तार बोलते तीही याच न्यायाने, फक्त तेथे कानाला गोड लागते. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे लोक हौसेने पितळी बिजागऱ्या घेतात, पण आतला खिळा पुष्कळदा लोखंडी असतो. खाऱ्या ओलाव्यात पितळ आणि लोखंड एकमेकांस टेकले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह चालू होतो आणि त्यात लोखंडाचा बळी आधी जातो. बाहेरून बिजागरी सोन्यासारखी आणि आत खिळा खाल्लेला! पितळी बिजागरीत खिळा पितळी किंवा गंज न चढणाऱ्या पोलादाचा हवा. दुकानात लोहचुंबक घेऊन जावे. पितळी म्हणून दिलेल्या खिळ्याला ते चिकटले तर तो खिळा लोखंडी समजावा.

तिसरी तक्रार विलक्षण आहे. सुटता खिळा वरून घातलेला असतो, त्याच्या डोक्यामुळे तो खाली पडू शकत नाही. तरीही महिन्या-दोन महिन्यांनी तो आपोआप वर आलेला दिसतो. भुताटकी यात काही नाही. दोन बिजागऱ्या अगदी एका रेषेत बसलेल्या नसल्या की खिळा नळीत तिरका दाबला जातो. दार फिरताना तो कधी या पात्याबरोबर तर कधी त्या पात्याबरोबर वळतो, आणि प्रत्येक वळणात स्क्रूसारखा केसभर वर सरकतो. आपटणाऱ्या दारात हे लवकर होते. यावरचा उपाय साधा आणि चतुर आहे. खिळ्याच्या डोक्याखाली एक बारीक कड ठेवावयाची आणि वरच्या नळीत तिच्या मापाची खाच. कड खाचेत बसली की खिळा त्या एका पात्याबरोबरच राहतो, मोकळा वळू शकत नाही. वळणे थांबले की चढणेही थांबते. मालकाने खालून ठोका दिला की मात्र तो सरळ वर निघतो.

चौथी तक्रार चोराची. येथे एक नियम लक्षात ठेवावा: दार ज्या बाजूला उघडते त्या बाजूला बिजागरीच्या नळ्या दिसतात. घराचे मुख्य दार आत उघडणारे असले की नळ्या आत राहतात आणि चोराचा हात तेथे पोचत नाही. परंतु बाहेर उघडणाऱ्या दाराला कितीही भारी कुलूप घातले तरी नळ्या बाहेरच. खिळा उपसला की कुलूप जागच्या जागी राहून दार दुसऱ्या कडेने उचकटता येते.

या तक्रारीवर दोन उत्तरे निघाली. पहिल्यात खिळ्याच्या मध्यावर गोल खोबण असते आणि नळीतून एक बारीक स्क्रू त्या खोबणीत उतरवतात. स्क्रूचे तोंड अशा जागी असते की दार मिटलेले असताना ते झाकले जाते. दार उघडू शकणाऱ्या मालकालाच स्क्रू सैल करून खिळा काढता येतो; मिटल्या दारापुढे उभ्या चोराला नाही. दुसऱ्यात एका पात्यावर छोटा खुंट आणि दुसऱ्या पात्यात त्याच्यासाठी भोक असते. दार मिटले की खुंट भोकात शिरतो. मग खिळा काढून नेला तरी पाती एकमेकांना सोडत नाहीत.

आपल्या घरात काय करावे

आता सुतारकाकांच्या दोन वाक्यांचा अर्थ नीट उलगडतो. घरातील दारांची दोन भागांत वाटणी करावी. ज्या दाराआड माणूस अडकण्याचे भय आहे, म्हणजे न्हाणीघर, शौचकूप, वृद्धांची वा आजाऱ्यांची खोली, त्या दाराच्या नळ्या बाहेर असाव्यात आणि खिळा सुटता, पण आपोआप न चढणारा असावा. ज्या दाराबाहेर परका उभा राहू शकतो आणि जे बाहेर उघडते, तेथे स्क्रूने धरलेला खिळा किंवा खुंटाची बिजागरी असावी. आत उघडणाऱ्या दारांना यांतले कोणतेही भय मोठे नसते. तेथे झीज आणि गंज एवढेच पाहावे.

सुटता खिळा नेहमी डोके वर ठेवून बसवावा. काढावयाचा झाल्यास दार मिटलेले ठेवून, खालून नळीच्या भोकात एक खिळा धरून हातोडीने वर ठोकावे. आधी खालच्या बिजागरीचा, मग वरचा. बसवताना उलट क्रम, आधी वरचा. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, एकेक खिळा बाहेर काढून पुसावा आणि शिवणयंत्राचे दोन थेंब तेल लावून परत घालावा. तेल नसले तर शिसपेन्सिलीचे टोक खिळ्यावर घासले तरी चालते. तिच्यातले शिसे म्हणजे ग्राफाइट, आणि ते कोरडे वंगणच आहे. खरेदी करताना मानकाची चौकशी करावी. १९४७ साली स्थापन झालेल्या आणि १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या संस्थेने पोलादी बिजागऱ्यांसाठी आय. एस. १३४१ आणि पितळ वगैरे धातूंच्या बिजागऱ्यांसाठी आय. एस. २०५ अशी मानके ठरवलेली आहेत.

श्रोतेहो, यांतली एकही सुधारणा डोळे दिपवणारी नाही. कोठे एक कड, कोठे एक खोबण, कोठे एक खुंट. पण प्रत्येकीच्या मागे कोणाची तरी अडचण आहे आणि ती कोणीतरी नीट ऐकून घेतलेली आहे. चांगली वस्तू कोणती, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या दारासाठी चांगली, असे विचारले पाहिजे. आमच्या घरात न्हाणीघराला एक बिजागरी आणि परसदाराला दुसरी लागली. आजी पुढे नऊ वर्षे जगली. न्हाणीघराकडे जाताना ती बिजागरीकडे पाही आणि आम्हा मुलांना विचारी, "खिळा निघतो ना रे?" आम्ही तो काढून दाखवीत असू.

आज घरी गेल्यावर आपणही आपल्या न्हाणीघराच्या दाराचा खिळा एकदा निघतो का ते पाहावे, एवढीच विनंती.