अंड्यांचा तालुका आणि मुलांचे ताट

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुका कोंबडीपालनासाठी ओळखला जातो. २००६ साली भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू येथेच आढळला आणि देशभर हे नाव झाले. २०२१ साली तीच आपत्ती पुन्हा आली. येथून अंडी गाड्या भरून बाहेर जातात. याच जिल्ह्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ५७ मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. राज्याचा आकडा ३६ होता. जेथे अंडे पिकते तेथेच ते मुलाच्या ताटात का नसावे, हा आमचा प्रश्न आहे.

पहिले कारण गरिबी. दिवाळीनंतर अक्कलकुवा, धडगावकडील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मुलाचे नाव अंगणवाडीच्या हजेरीपटावर राहते आणि मूल उसाच्या फडावर असते. गाव सुटले की ताटही सुटते. म्हणून निघण्यापूर्वी अंगणवाडीताईंना जरूर सांगावे. पोषण ट्रॅकरवरून मुलाचे नाव दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत वर्ग करता येते. लसीकरणाचे कार्डही सोबत न्यावे.

दुसरे कारण मात्र आपल्या हातातले आहे. कामावर जाताना रडणाऱ्या मुलाच्या हातावर पाच रुपये ठेवले जातात आणि त्याचे चटकदार पुडके येते. त्यात मीठ, तेल आणि मैदा. पोट भरल्यासारखे वाटते, मग भाकरी नको होते. आम्ही कारकुनी पेशाचे, म्हणून साधा हिशेब मांडतो. रोजचे पाच म्हणजे महिन्याचे दीडशे रुपये. अंडे सात रुपयांना धरले तरी एकवीस अंडी येतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. पुडक्यातून काय मिळते?

सारेच विकत आणावे लागत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, नवापूरच्या तुरीचे वरण, मूठभर शेंगदाणे, शेवग्याच्या पाल्याची भाजी, पावसाळ्यात करटुली. हे गरिबाचे अन्न म्हणून लाजू नये. बाजारच्या पुडक्यापेक्षा ते कितीतरी सकस आहे.

सरकारची योजनाही आहे. २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार आणि पुढे सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी ठरली. हा आपला हक्क आहे. लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे राज्यघटनेचे ४७ वे कलम सांगते. अंडी येतात की नाही, हे मातांनी नम्रपणे पण नेटाने विचारावे.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजावे आणि मुलाला लगेच आरोग्य केंद्रात न्यावे. मोजण्याची पट्टी अंगणवाडीत असते.

आता खेळाविषयी. पाच वर्षांवरील मुलाने रोज तासभर अंगमेहनतीचा खेळ खेळावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याला पैसा लागत नाही. हुतूतू, खो-खो, विटीदांडू, दोरीच्या उड्या पुरेत. पण आपल्या घरात संध्याकाळी मुलगा मैदानावर असतो आणि त्याच वयाची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन पाण्याच्या रांगेत. ती दमते, पण खेळत नाही. शेवटी उरलेले तीच खाते. अंडे घरात आले तर ते बहीण-भावात सारखे वाटले जावे आणि पाण्याचा हंडा भावानेही उचलावा.

महिला मंडळांनी महिन्यातून एकदा वस्तीतील मुलांचे वजन तपासून घ्यावे. विहारासमोरचे अंगण संध्याकाळी तासभर मुलामुलींसाठी मोकळे ठेवावे. सुरुवात उद्याच्या पाच रुपयांपासून करावी.