यंत्राला हात कुणाचा?

2012 साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नामांकित संशोधनपत्रिकेत ऑक्सिजन-26 या अणुकेंद्रकावर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनच्या केंद्रकात आठ प्रोटॉन आणि बहुतेक वेळा आठच न्यूट्रॉन असतात. इथे न्यूट्रॉन अठरा. एवढी गर्दी केंद्रकाला पेलवत नाही. दोन न्यूट्रॉन जवळजवळ तत्काळ बाहेर पडतात आणि मागे ऑक्सिजन-24 उरतो. ही घटना मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या सायक्लोट्रॉन प्रयोगशाळेत टिपली गेली, यात नवल नाही. नवल आहे ते लेखकांच्या यादीत. तिच्यातले पहिले नाव होप कॉलेजात पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचे आहे. होप कॉलेज मिशिगन राज्यातल्या हॉलंड नावाच्या छोट्या शहरात आहे, ‘रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिका’ या पंथाशी जोडलेले आहे, विद्यार्थी साधारण तीन हजार, आणि भौतिकशास्त्राचे शिक्षण फक्त पदवीपर्यंत. म्हणजे ज्या कॉलेजात एकही पीएचडीचा विद्यार्थी नाही, तिथला मुलगा अणुकेंद्रकाच्या अस्तित्वाच्या सीमेवर काम करत होता.

अमेरिकेत अशी कॉलेजे पुष्कळ आहेत. त्यांना ख्रिश्चन लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात. पदवी चार वर्षांची. भौतिकशास्त्र घेणाऱ्याचा ढोबळमानाने निम्मा वेळ भौतिकशास्त्र आणि गणितात जातो. उरलेल्यात साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, परकी भाषा, कला आणि बहुतेक ठिकाणी बायबल व धर्मविचाराचे एकदोन सक्तीचे पेपर. आठवड्यातून काही सकाळी चॅपलमध्ये प्रार्थनासभा. आपल्याकडच्या पालकाने हे वर्णन ऐकले तर त्याच्या मनात दोन शंका येणारच. अर्धा वेळ कविता आणि बायबलमध्ये गेला तर फिजिक्स कधी शिकणार? आणि जिथे धर्मग्रंथ प्रमाण, तिथे विज्ञान कितपत मोकळे असणार? दोन्ही शंका रास्त आहेत, पण दोन्हींचा रोख थोडा चुकतो. अशा कॉलेजचे बळ त्याच्या धार्मिकतेत नाही आणि त्याची खरी जोखीम कवितेच्या तासांतही नाही. बळ आहे ते उपकरणाला हात कोण लावतो यात. आणि जोखीम आहे ती शिक्षकाचे विज्ञान चर्चच्या मताशी भिडले तर कॉलेज काय करते यात.

आधी उपकरणाचे पाहू. ऑक्सिजन-26 मधून सुटलेले न्यूट्रॉन पकडणाऱ्या यंत्रणेचे नाव ‘मोना’. दोन मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि तितक्याच जाड अशा प्लास्टिकच्या 144 पट्ट्या, सोळा सोळांच्या नऊ थरांत रचलेल्या. हे प्लास्टिक साधे नव्हे. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने तो थेट दिसत नाही. पण तो पट्टीतल्या हायड्रोजनच्या केंद्रकावर आदळला की उडालेला प्रोटॉन त्या प्लास्टिकमध्ये प्रकाशाची अतिशय क्षीण चमक उमटवतो. चमक पट्टीच्या दोन्ही टोकांकडे धावते, आणि दोन्ही टोकांना प्रकाश टिपणारी एकेक फोटोमल्टिप्लायर नळी बसवलेली असते. उजवीकडे चमक आधी पोहोचली की डावीकडे, आणि किती अब्जांश सेकंदांनी आधी, यावरून न्यूट्रॉन पट्टीत कुठे आदळला ते कळते. लक्ष्यापासून इथवर यायला त्याला किती वेळ लागला, यावरून त्याची ऊर्जा. 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ही यंत्रणा उभी राहिली ती दहा संस्थांनी काम वाटून घेतल्यामुळे, आणि त्यातल्या बहुतेक संस्था पदवीच्या शिक्षणावर भर देणाऱ्या होत्या. पट्ट्या जोडणे आणि तपासणे हे काम मोठ्या प्रमाणावर पदवीच्या मुलामुलींनी केले. या दहांत होप होते, कॅलिफोर्नियातले वेस्टमाँट होते, मिनेसोटातले लुथरन कॉन्कॉर्डिया होते, आणि त्यांच्याच जोडीला सेंट्रल मिशिगनसारखी सरकारी विद्यापीठेही होती. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. तीच संधी धर्माशी संबंध नसलेल्या संस्थांतही होती. कारण श्रद्धेचे नाही, रचनेचे आहे.

ही रचना समजून घ्यायला हवी. मोठ्या संशोधन विद्यापीठात प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत पीएचडीचे चार-पाच आणि त्यानंतरचे एकदोन संशोधक असतात. महागड्या यंत्रावर पहिला हक्क त्यांचा, कारण त्यांचे प्रबंध त्यावर अवलंबून असतात. पदवीचा मुलगा तिथे आला तर बहुधा कुणाच्या तरी हाताखाली येतो. जिथे पीएचडीच नाही, तिथे प्राध्यापकाला स्वतःचे संशोधन चालू ठेवायचे तर पदवीच्या मुलांशिवाय हात कुठून आणणार? होपमध्ये 17 लाख व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक आहे. तो चालवायला, त्याची निर्वात नळी गळते का हे तपासायला, नमुना बसवून रीडिंग घ्यायला जो उभा असतो, तो एकोणीस-वीस वर्षांचा असतो. आपल्याकडे बीएस्सीच्या जर्नलमध्ये ठरलेले प्रयोग असतात, उत्तर आधीच ठाऊक असते, आणि ‘जी’ची किंमत 9.8 च्या जवळपास आली की सही मिळते. उत्तर कुणालाच ठाऊक नसलेल्या प्रयोगात बिघाड झाला तर तो प्रयोगातला की निसर्गातला, हे आधी ठरवावे लागते. हे कौशल्य व्याख्यानातून येत नाही.

जुनी उदाहरणेही हेच सांगतात. आर्थर कॉम्प्टन 1913 साली ओहायोतल्या वूस्टर या प्रेस्बिटेरियन कॉलेजातून पदवीधर झाला. वडील एलायस तिथेच तत्त्वज्ञान शिकवत आणि डीनही होते. विद्यार्थी असतानाच त्याने पृथ्वीचे फिरणे बंद खोलीत दाखवण्याची युक्ती काढली. पाण्याने भरलेली वर्तुळाकार नळी घ्यायची, आतले पाणी पूर्ण स्थिर होऊ द्यायचे, मग नळी व्यासाभोवती झटकन अर्धा फेरा उलटी करायची. पृथ्वी फिरत नसती तर पाणी स्थिर राहिले असते. फिरते म्हणून ते नळीत हळूच वाहू लागते. पाण्यात सोडलेल्या तेलाच्या बारीक थेंबांवर सूक्ष्मदर्शक रोखून त्याने तो वेग मोजला, आणि 1913 मध्ये ते ‘सायन्स’ या साप्ताहिकात छापून आले. दहा वर्षांनी क्ष-किरणांच्या विखुरण्यावरचा त्याचा शोध आला, 1927 मध्ये नोबेल मिळाले. मेसरचा जनक चार्ल्स टाउन्स 1935 साली दक्षिण कॅरोलायनातल्या फर्मन या बॅप्टिस्ट संस्थेतून बाहेर पडला तो दोन पदव्या घेऊन, एक भौतिकशास्त्राची, दुसरी आधुनिक भाषांची. जोसेफ टेलरने क्वेकरांनी स्थापलेल्या हॅवरफर्डमध्ये शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी रेडिओ खगोलशास्त्र निवडले. पुढे जोड-पल्सारच्या शोधासाठी 1993 चे नोबेल. विल्यम फिलिप्स चर्च ऑफ द ब्रेदरनच्या लोकांनी स्थापलेल्या ज्युनियाटा कॉलेजचा 1970 चा पदवीधर; लेसरने अणू थंड करण्याबद्दल 1997 चे नोबेल.

अशी यादी वाचून भारावून जाऊ नये. चार विजेते निवडून काढायचे आणि बाकी हजारो पदवीधरांविषयी गप्प राहायचे, हा जाहिरातीचा जुना मार्ग आहे. शिवाय या चौघांनीही पीएचडी केली ती प्रिन्स्टन, कॅलटेक, हार्वर्ड आणि एमआयटीत. तेव्हा यादीपेक्षा प्रमाण पाहणे बरे. रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे थॉमस चेक स्वतः ग्रिनेल या लिबरल आर्ट्स कॉलेजचे विद्यार्थी. 1999 मध्ये ‘डीडॅलस’ या नियतकालिकात त्यांनी लिहिले की पदवीधरांच्या संख्येच्या मानाने पाहिले तर लिबरल आर्ट्स कॉलेजांतून पुढे विज्ञानात पीएचडी करणाऱ्यांचे प्रमाण सर्वसाधारण पदवी-संस्थांच्या सुमारे दुप्पट आहे. यावरही आक्षेप घेता येतो, आणि तो बिनतोड आहे: आधीच अभ्यासू असलेली, शिकलेल्या घरांतली मुले अशा कॉलेजांत जात असतील तर श्रेय कॉलेजचे की घरचे? शिवाय हा आकडा सगळ्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचा आहे, ख्रिश्चन कॉलेजांचा वेगळा नाही. म्हणून एवढेच म्हणता येते की या वाटेने गेलेला विद्यार्थी विज्ञानात मागे पडतो, ही भीती पुराव्यावर टिकत नाही.

मर्यादा मात्र खऱ्या आहेत. चार-पाच प्राध्यापकांच्या विभागात वरच्या वर्गाचा एखादा विषय दरवर्षी चालवणे परवडत नाही, तो वर्षाआड येतो. सामान्य सापेक्षता किंवा पुंज क्षेत्र सिद्धांत शिकायची हौस असेल तर शिकवणारा असेलच असे नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मोठ्या विद्यापीठांतून आलेल्या सहाध्यायांनी चार विषय जास्त केलेले असतात आणि ती तूट रात्री जागून भरून काढावी लागते. ही कमतरता भरून काढायला सुट्टीतला संशोधन-कार्यक्रम हा नेहमीचा उपाय. पण इथे मराठी पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा ‘आरईयू’ हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच वेतन देतो. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला कॉलेजचा स्वतःचा उन्हाळी निधी आहे की नाही, यावर सगळे ठरते. खासगी कॉलेजांची जाहीर फी सरासरीने वर्षाला 40 हजार डॉलरच्या वर असते. त्यात सवलत बऱ्याचदा घसघशीत मिळते, पण ती मिळेल असे धरून कर्ज काढू नये.

आता श्रद्धेचा प्रश्न. ‘ख्रिश्चन कॉलेज’ या एका पाटीखाली फार वेगवेगळ्या संस्था येतात. हॅवरफर्डमध्ये आज धर्माचा उरला आहे तो वारसा. होपचे चर्चशी नाते आहे, पण विद्यार्थ्याला श्रद्धेची कबुली द्यावी लागत नाही. इलिनॉयमधल्या व्हीटनमध्ये प्राध्यापकांना श्रद्धापत्रकावर सही करावी लागते आणि त्या पत्रकात अॅडम व ईव्ह या ऐतिहासिक व्यक्ती होत्या असे म्हटलेले आहे. काही कॉलेजे तर सृष्टी सहा दिवसांत झाली हेच अधिकृत मत मानतात; विश्वाचे वय 13.8 अब्ज वर्षे हे जिथे सांगता येत नाही, तिथे खगोलभौतिकी शिकायला जाण्यात अर्थ नाही.

कसोटी कशी लागते हे मिशिगनमधल्याच कॅल्विन कॉलेजने दाखवले. तिथले भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राचे प्राध्यापक हॉवर्ड व्हॅन टिल यांनी 1986 मध्ये ‘द फोर्थ डे’ हे पुस्तक लिहिले. बायबलच्या उत्पत्तीकथेत विज्ञानाची माहिती शोधू नये आणि ताऱ्यांच्या उत्क्रांतीचा पुरावा नाकारू नये, अशी त्यांची मांडणी. चर्चमध्ये मोठे वादळ उठले, कॉलेजच्या विश्वस्तांना चौकशी करावी लागली. व्हॅन टिल यांची नोकरी गेली नाही. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले. गोष्ट इथे संपली असती तर सोपे होते. 2011 मध्ये त्याच कॉलेजातल्या धर्मशास्त्राच्या एका प्राध्यापकाला, अॅडमच्या ऐतिहासिकतेवर प्रश्न उभे करणाऱ्या लेखानंतर, मुदतीआधी निवृत्त व्हावे लागले. म्हणजे ताऱ्यांचे वय पचले, माणसाचा उगम पचला नाही. या कॉलेजांतला तणाव हल्ली जीवशास्त्र आणि धर्मशास्त्राच्या विभागांत जास्त असतो. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी बहुतांशी त्यापासून दूर राहतो. हा दिलासा आहे, पण पुरता नाही. शेजारच्या विभागात काय बोलता येत नाही, हे विद्यार्थ्याला दिसतच असते.

मग धर्मविचाराच्या सक्तीच्या पेपरचा विज्ञानाच्या विद्यार्थ्याला काही उपयोग? जिथे प्रश्न उघडा ठेवतात तिथे आहे. पुंजयामिकीत मोजण्याआधी कणाला निश्चित स्थान असते का, निसर्गनियम सांगतात ते काय आणि सांगत नाहीत ते काय, हे प्रश्न मोठ्या विद्यापीठातल्या गणिते सोडवण्याच्या घाईत सहसा बाजूला पडतात. इथे तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्यांच्यावर निबंध लिहावा लागतो, आणि वाचणारा फिजिक्सचा नसल्याने समीकरणामागे लपता येत नाही. कॉम्प्टन पुढे मानवी स्वातंत्र्य आणि पुंजयामिकीतली अनिश्चितता यांवर आवर्जून लिहीत राहिला. त्याची मते पटोत न पटोत, तत्त्वज्ञाच्या घरात आणि वूस्टरमध्ये वाढल्याची खूण त्यांत दिसते. खगोलशास्त्रज्ञ डेबोरा हार्स्मा यांनी मिनेसोटातल्या बेथेलमधून भौतिकशास्त्र आणि संगीत या दोन विषयांत पदवी घेतली आणि मग एमआयटीत पीएचडी केली. संगीताने त्यांची वाट अडली नाही.

या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. 1813 मध्ये मुंबईत उतरून अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात करणाऱ्यांपैकी गॉर्डन हॉल हा मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजचा पदवीधर होता. 1832 साली सुरू झालेल्या शाळेतून स्कॉटिश मिशनचे विल्सन कॉलेज वाढले, 1869 मध्ये जेझुइटांचे सेंट झेवियर्स आले, 1947 मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज उभारले. पण 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्या हाती गेल्या. मिशनरी कॉलेज आपल्याकडे रुजले. स्वतःचा अभ्यासक्रम ठरवणारे, विषयांची सरमिसळ करू देणारे कॉलेज मात्र रुजले नाही. तरीही तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ्समधून जी. एन. रामचंद्रन आणि अब्दुल कलाम भौतिकशास्त्र शिकून बाहेर पडले.

नव्या शैक्षणिक धोरणाने आता चार वर्षांची पदवी आणली आहे, मुख्य विषयाला जोडविषय दिला आहे, आणि पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधन करता येईल असे म्हटले आहे. कागदावर हा सांगाडा अमेरिकन लिबरल आर्ट्स कॉलेजच्या बराच जवळ जातो. फरक उरतो तो प्रयोगशाळेत. हा चौथ्या वर्षाचा प्रकल्प कोणत्या उपकरणावर होणार, ते दुपारी चारनंतर उघडे असणार का, आणि त्यासाठी कोणता शिक्षक मोकळा असणार, याचे उत्तर प्रत्येक कॉलेजला आपापले द्यावे लागेल. ज्या विभागात निम्मी पदे तासिका तत्त्वावर भरलेली आहेत आणि शिक्षक एका कॉलेजातला तास संपवून दुसऱ्या कॉलेजची बस पकडतो, तिथे ते देणे अवघड आहे.