केवळ संहितेचे पुस्तक आणि पृष्ठरचना : मर्रे आवृत्त्यांच्या निमित्ताने

ज्या ग्रंथात चित्र नाही, भाष्य नाही, तळटीपही नाही, त्याच्या रचनेचा विचार सामान्यतः मुद्रकावर सोपविला जातो. पण केवळ संहिता छापावयाची असते तेव्हा दोन शब्दांत किती जागा सोडावी, ओळ कोठे तोडावी, हे निर्णय अर्थनिर्णयनाचेच असतात. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, तंबू चेट्टी रस्त्यावरून एस. राजम यांनी १९५०च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या तमिळ अभिजात ग्रंथांच्या आवृत्त्या या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत. राजम यांची मर्रे अँड कंपनी ही मुळात लिलावाचा व्यवसाय करणारी पेढी. म्हणून ही पुस्तके आजही ‘मर्रे आवृत्त्या’ या नावाने ओळखली जातात.

त्यांचे वेगळेपण समजण्यासाठी तमिळ संहितेचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. ताडपत्रांवर शब्दांमध्ये अवकाश नसे आणि व्यंजनाचे स्वरहीनत्व दाखविणारा बिंदूही बहुधा नसे. मुद्रणाने बिंदू आणला. अवकाशाचा प्रश्न मात्र छंदाशी निगडित होता. तमिळ चरण ‘शीर’ या घटकांनी बनतो, आणि शीराची सीमा ही शब्दाची सीमा असेलच असे नाही. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांच्या ‘जीवकचिंतामणि’च्या १८८७च्या आवृत्तीपासून पाठभेद व टीका यांची शिस्त रुजली, पण पद्याची मांडणी छंदानुसारीच राहिली. अशा पृष्ठाला टीकेचा आधार लागतो. संगम काव्याचे केवळ मूळ छापण्याचा मोठा प्रयत्न एस. वैयापुरी पिळ्ळै यांच्या संपादनाखाली १९४० मध्ये झाला होता. त्यात कविता कविनिहाय लावल्या होत्या.

राजम यांच्या संपादकांनी याही पुढचे पाऊल टाकले. त्यांनी संधी सोडविले. ‘वीडु’ (घर) आणि ‘इल्लै’ (नाही) यांचा उच्चार ‘वीडिल्लै’ असा होतो; पृष्ठावर मात्र दोन शब्द सुटे, पूर्ण रूपात. जोडीला विरामचिन्हे आणि अत्यल्प किंमत. टीकेवाचून शाळा शिकलेल्या माणसाला प्राचीन कविता हाताळता यावी, हा त्यामागचा उद्देश उघड आहे. जवळच्याच ब्रॉडवेवर शैवसिद्धांत प्रकाशन संस्थेच्या सटीक आवृत्त्या विकल्या जात. म्हणजे हाकेच्या अंतरावर वाचकाविषयीच्या दोन कल्पना दोन प्रकारच्या पृष्ठांतून उभ्या होत्या.

याची किंमत मोजावी लागलीच. ‘वीडिल्लै’त तीन अक्षरे आहेत, सुट्या रूपात चार. संधी सोडविताच लुप्त झालेला ‘उ’कार परत येतो आणि शीराचे माप बिघडते. ही संहिता डोळ्यांना सोपी, पण ती जशीच्या तशी मोठ्याने म्हटली तर छंद अडखळतो. या आवृत्तीतील अक्षरे मोजून छंदाविषयी विधान करणे म्हणूनच धोक्याचे आहे, आणि तमिळ न जाणणारा तौलनिक अभ्यासक या सापळ्यात सहज सापडतो. याखेरीज दुहेरी संधीच्या जागी संपादकाने एक अर्थ निवडलेला असतो. निवड दिसत नाही. दिसतो तो केवळ एक निरागस मोकळा अवकाश.

मराठीत हा पेच इतका तीव्र नाही. ओवी हस्तलिखितात सलग, शब्द न तोडता लिहिली जाई. ओवीचा शेवट दंडाने व अंकाने कळे. मुद्रणात शब्द सुटे झाले तरी उच्चार बदलला नाही, कारण मराठी बोलण्यात संधीचे बंधन तमिळएवढे कडक नाही. जेथे चरण ओळीओळीने मांडले गेले तेथे साडेतीन चरणांचा आखूड शेवट डोळ्यांना दिसू लागला. सलग पोथीत तो फक्त कानाला कळत असे. पारायण करणाऱ्याला सलग छापाचीच सवय, हेही खरे. देवनागरीत मराठी छापणारे तंजावरचे सरफोजीराजांचे मुद्रणालय १८०६ मध्ये बालकथा छापत होते, आणि गद्याला छंदाचा अडसर नसतो.

तमिळमध्ये विद्वानांनी शोधलेला मार्ग दुहेरी मुद्रणाचा आहे. एव्हा विल्डन यांनी २००८ मध्ये पाँडिचेरीहून प्रसिद्ध केलेल्या ‘नट्रिणै’च्या चिकित्सक आवृत्तीत छंदानुसारी पाठ आणि पदच्छेदयुक्त पाठ वेगवेगळे छापले आहेत. त्या आवृत्तीचे तीन खंड झाले.