कंडेन्सर किती एमएफडीचा?

उन्हाळा सुरू झाला की अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. पंखा रडतखडत फिरतो, नाहीतर हाताने ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही. वायरमन पंख्याच्या दांड्यावरची वाटी खाली सरकवतो, आतला छोटा डबा दाखवतो आणि म्हणतो, 'कंडेन्सर गेलाय.' नवा आणायला गेलो की दुकानदार विचारतो, 'किती एमएफडीचा?' इथे बहुतेकांची गाडी अडते.

कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर. तो विद्युतभार साठवतो. त्याच्या साठवण्याच्या क्षमतेला धारिता म्हणतात आणि ती फॅरडमध्ये मोजतात. एक व्होल्ट दाबाला एक कूलॉम भार साठत असेल, तर धारिता एक फॅरड. मायकेल फॅरडे (१७९१-१८६७) या इंग्लिश शास्त्रज्ञाच्या नावावरून आलेल्या या एककाला १८८१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत मान्यता मिळाली.

पण फॅरड रोजच्या वापराला फारच मोठा पडतो. अख्खी पृथ्वी एक सुटा गोळा मानून हिशेब केला, तरी तिची धारिता जेमतेम ०.०००७ फॅरड भरते! म्हणून त्याचे तुकडे करावे लागले. फॅरडचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोफॅरड, त्याचा हजारावा भाग नॅनोफॅरड आणि त्याचाही हजारावा भाग पिकोफॅरड. किलो, ग्रॅम, मिलिग्रॅमसारख्याच या हजाराच्या पायऱ्या. मोठ्या एककातून लहानात जाताना हजाराने गुणायचे, लहानातून मोठ्यात जाताना हजाराने भागायचे. म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, १०० नॅनोफॅरड आणि १,००,००० पिकोफॅरड, तिन्ही एकच.

गोंधळ होतो तो लिहिण्याच्या पद्धतीमुळे. कंडेन्सरवरच्या 'एमएफडी'तला 'एम' मिलीचा नाही आणि मेगाचाही नाही, तो मायक्रोचा. जुन्या रेडिओंच्या भागांवर 'एमएमएफडी' असे दोन 'एम' दिसतात. तो मायक्रोचाही मायक्रो, म्हणजे आजचा पिकोफॅरड. सर्किट बोर्डावरच्या चपट्या, बटणासारख्या कपॅसिटरवर एककच नसते, नुसते '१०४' छापलेले असते. पहिले दोन अंक १०, त्यापुढे चार शून्ये, आणि उत्तर पिकोफॅरडमध्ये. म्हणजे पुन्हा तेच १,००,००० पिकोफॅरड.

एक पायरी चुकली की फरक थेट हजारपटीचा पडतो. हृदयाचे ठोके भरकटल्यावर विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरमध्येही कपॅसिटरच असतो. ३२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५,००० व्होल्टला भारला, तर त्यात ४०० ज्यूल ऊर्जा साठते. तो ३२ नॅनोफॅरडचा असता, तर त्याच दाबाला जेमतेम ०.४ ज्यूल साठली असती. एवढ्याशा झटक्याने भरकटलेले हृदय ताळ्यावर येणार नाही.

घरातल्या पंख्याचा कंडेन्सर बहुधा अडीच मायक्रोफॅरडच्या आसपास असतो. कमी धारितेचा बसवला तर पंखा मंदावतो, जास्त धारितेचा बसवला तर मोटरचे वेटोळे तापते. म्हणून जुना डबा सोबत न्यावा आणि आकडा व एकक दोन्ही जुळवून घ्यावे. त्यावरचा व्होल्टचा आकडा मात्र जुन्याइतका किंवा त्याहून जास्त चालतो, कमी चालत नाही.

नुसता धारितेचा आकडा पाहून धोक्याचा अंदाज बांधू नये. साठलेली ऊर्जा व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दाब दुप्पट तर ऊर्जा चौपट. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला कपॅसिटर साधारण एक मायक्रोफॅरडचा, पंख्याच्या निम्म्याहूनही लहान. पण तो काम करतो हजारो व्होल्टवर. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो. त्यामुळे ओव्हन घरी उघडूच नये. पंख्याच्या कंडेन्सरला हात लावण्यापूर्वीही मेन स्विच बंद करावा आणि त्याची टोके उघड्या बोटांनी धरू नयेत. तो बदलायचे काम वायरमनवरच सोपवलेले बरे.