दोन फुटी यंत्रमानवाची मालकी

सांधे फिरवून आणि भागांच्या घड्या घालून ज्याचे मोटार, विमान किंवा तत्सम वाहनातून मनुष्याकृतीत रूपांतर करता येते, त्या खेळण्याला रूपांतरक्षम यंत्रमानव असे म्हणता येईल. अशी बहुतेक खेळणी मुलाच्या हातात सहज मावतात. तथापि १९८०च्या दशकाच्या मध्यापासून या जातीत अधूनमधून असेही नमुने निघत आले आहेत, की ज्यांची उंची दोन फुटांच्या आसपास जाते आणि जे उचलण्यासाठी मोठ्या माणसालाही दोन्ही हात लागतात. हे नमुने म्हणजे लहान खेळण्याची केवळ वाढवलेली आवृत्ती होय, असा समज सर्वत्र आढळत असला तरी तो बरोबर नाही. लहान यंत्रमानव हे खेळातील पात्र असते, तर मोठा यंत्रमानव हे प्रामुख्याने खेळातील ठिकाण असते, आणि त्याची रचना, त्याच्याशी चालणारा खेळ व पुढे त्याच्या जतनात येणाऱ्या अडचणी यांचे मूळ बऱ्याच अंशी याच भेदात आहे.

या भेदाची पाळेमुळे जपानमध्ये सापडतात. ताकारा या खेळणी-कंपनीच्या ‘डायाक्लोन’ या १९८० साली सुरू झालेल्या मालिकेत यंत्रमानव हे निर्जीव यंत्र असे आणि पायांत चुंबक बसवलेले बोटाच्या पेराएवढे चालक त्यात बसवले जात. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने या मालिकेतील व ताकाराच्याच ‘मायक्रोमॅन’ मालिकेतील साचे घेऊन १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने ती खेळणी बाजारात आणली, तेव्हा यंत्रमानवालाच नाव, स्वभाव आणि पक्ष देण्यात आला. साहजिकच चालकाची गरज उरली नाही आणि तो खोक्यातून नाहीसा झाला. पुढील दोनतीन वर्षांत आलेल्या मोठ्या खेळण्यांनी मात्र आत वावरणाऱ्या लहान आकृतीची ही कल्पना वेगळ्या वाटेने परत आणली. १९८५ मधील ‘ओमेगा सुप्रीम’ हे मुळात टॉयबॉक्स या दुसऱ्या जपानी कंपनीचे खेळणे. त्यात अग्निबाणाचा तळ, त्याभोवतीचा मार्ग आणि त्या मार्गावर बॅटरीवर फिरणारा रणगाडा असे, आणि हे सर्व सुटे करून पुन्हा जोडले की यंत्रमानव तयार होई. १९८६ मधील ‘मेट्रोप्लेक्स’ व ‘ट्रिप्टिकॉन’ ही तर उघडउघड शहरेच होती.

या परंपरेचा कळस म्हणजे १९८७ चा ‘फोर्ट्रेस मॅक्सिमस’. सुमारे २२ इंच, म्हणजे ५६ सेंटिमीटर उंचीचे हे खेळणे यंत्रमानव, शहर आणि युद्धनौका अशी तीन रूपे घेत असे, आणि ट्रान्सफॉर्मर्समधील सर्वांत उंच खेळणे हा त्याचा मान २०१३ पर्यंत टिकला. त्याची खरी करामत उंचीपेक्षा डोक्यात होती. त्या वर्षीच्या ‘हेडमास्टर’ या कल्पनेनुसार यंत्रमानवाचे डोके सुटे निघून त्याची एक लहानशी मानवाकृती होत असे. येथे हीच युक्ती दोनदा वापरली होती. ‘स्पाइक’ नावाची चिमुकली आकृती घडी घालून ‘सेरेब्रॉस’ या मध्यम यंत्रमानवाचे डोके बने, आणि सेरेब्रॉस स्वतः दुमडून फोर्ट्रेस मॅक्सिमसचे डोके बने. शिवाय ‘गॅस्केट’ व ‘ग्रोमेट’ ही दोन वाहने जोडली की ‘कॉग’ नावाचा आणखी एक यंत्रमानव उभा राहत असे. म्हणजे एका खोक्यात घर, घरमालक आणि रखवालदार असे सगळेच मिळत होते, आणि मुलाजवळची इतर लहान वाहने त्या शहरात आली की खेळाला रंग भरत असे.

प्रत्यक्ष रूपांतर मात्र या आकाराच्या मानाने साधेच होते, आणि याचे कारण यंत्रशास्त्रात आहे. एखाद्या वस्तूची उंची दुप्पट केली असता तिचे आकारमान आठपट होते, परंतु तिला धरून ठेवणाऱ्या सांध्याच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. खेळणी पोकळ असल्याने वजन नेमके या प्रमाणात वाढत नाही हे खरे, तरीही लांब हात आडवा धरला असता त्याचा खांद्यावर येणारा ताण झपाट्याने वाढतो. लहान खेळण्यात दोन पृष्ठभागांच्या घर्षणावर टिकणारा सांधा पुरतो. मोठ्या खेळण्यात दातेरी चाक आणि त्यात अडकणारी स्प्रिंगची जीभ असा खटक्याचा सांधा, म्हणजे ‘रॅचेट’, बसवावा लागतो. असा सांधा कटकट आवाज करीत ठरावीक टप्प्यांवरच थांबतो, त्यामुळे बारीकसारीक ढब देता येत नाही. म्हणूनच खरी गुंतागुंत शोधायची झाल्यास ती या राक्षसी खेळण्यांत नव्हे, तर २००३ पासून प्रौढ संग्राहकांसाठी निघू लागलेल्या ‘मास्टरपीस’ मालिकेतील मध्यम आकाराच्या नमुन्यांत अधिक आढळते. मोठे म्हणजे अवघड, हे समीकरण खोक्यावरील चित्रांनी रुजवले आहे, एवढेच.

मुलाच्या ताब्यात असताना अशा खेळण्याची जागा फळीवर नसून जमिनीवर असते, आणि त्याचा शत्रू मोडतोड हा नसून पसारा हा असतो. भिंती जाड, सांधे दणकट. त्यामुळे धड सहसा शाबूत राहते, पण बंदुका, मनोरे, उताराच्या पट्ट्या आणि विशेषतः चिमुकला स्पाइक पलंगाखाली किंवा केरात जातो. याचा परिणाम कित्येक दशकांनंतर संग्राहकांच्या बाजारात दिसतो. तेथे खेळण्याच्या आकाराला फारशी किंमत नसून ‘कम्प्लीट’ या विशेषणाला असते, आणि अर्ध्या मीटर उंचीच्या वस्तूचे मोल तिच्यातील सर्वांत लहान तुकड्यावर ठरते. मुलाने ज्या गोष्टी सर्वाधिक हाताळल्या त्याच सर्वांत आधी हरवल्या असल्याने, पूर्ण नमुना हा पुष्कळदा कमी खेळला गेलेला नमुना असतो, ही बाब संग्राहक सहसा मोठ्याने बोलून दाखवत नाहीत.

हरवण्यापेक्षा हळू, पण अधिक निश्चित असा धोका प्लास्टिकच्या वयाचा आहे. ही खेळणी मुख्यतः एबीएस या कठीण व तकतकीत प्लास्टिकची असतात. अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे, शिवाय घडणीच्या वेळी त्यात मिसळलेल्या द्रव्यांमुळेही, त्याचा पांढरा किंवा फिकट राखाडी रंग कालांतराने पिवळट पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप लावून प्रकाशात ठेवल्यास पिवळेपणा उतरतो. या उपायाला ‘रेट्रोब्राइट’ म्हणतात. तथापि हा पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो आणि अतिरेक केल्यास पृष्ठभागावर डाग उमटतात. याहून गंभीर म्हणजे १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून काही खेळण्यांत वापरलेले सोनेरी कण मिसळलेले प्लास्टिक, जे वरवर चांगले दिसत असतानाही खिळ्याच्या जागी ठिसूळ होते आणि सांधा फिरवताच बिस्किटासारखे चुरते. फोर्ट्रेस मॅक्सिमस या दुखण्यातून सुटला; ज्या खेळण्यांना ते जडते, त्यांचे मालक त्यांचे रूपांतर करणेच सोडून देतात, आणि रूपांतरासाठी घडवलेली वस्तू एकाच रूपात कायमची उभी राहते.

नव्या काळात ही जात पुन्हा बहरली आहे. २०१३ मध्ये दोन फुटी मेट्रोप्लेक्स आला आणि त्याच्याच साच्यांत मोठे फेरफार करून २०१६ मध्ये नवा फोर्ट्रेस मॅक्सिमस काढण्यात आला. ही केवळ काटकसर नव्हे: वितळलेले प्लास्टिक ज्यात दाबाने भरतात ते पोलादी साचे अत्यंत खर्चिक असल्याने, एका साच्यातून दोन पात्रे निघाली तरच एवढा आकार परवडतो. जेथे असा दुसरा उपयोग शक्य नव्हता तेथे आगाऊ नोंदणीचा मार्ग पत्करला गेला. २०१९ मध्ये हॅस्ब्रोने ग्रहाचे रूप घेणाऱ्या ‘युनिक्रॉन’साठी किमान ८,००० ग्राहकांची अट घातली; किंमत ५७४.९९ डॉलर, उंची २७ इंचांहून अधिक, वजन साडेआठ किलोंच्या वर. ठरलेल्या मुदतीत तेवढी नोंदणी झाली नाही, मुदत वाढवावी लागली, आणि मगच उत्पादन सुरू झाले.

मुंबई-पुण्याच्या संग्राहकाला मात्र या वजनाचा हिशेब आणखी एकदा करावा लागतो. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले, तर जानेवारी २०२१ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक झाले. परिणामी दुकानांतून मोजकेच, बहुधा लहान आकाराचे नमुने दिसतात. स्वतःपुरता एखादा नग परदेशातून मागवायचा तर त्याला लागू होणारा दर कोणताही असो, शुल्काची आकारणी वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून येणाऱ्या मूल्यावर होते, त्यामुळे अवजड खोक्याचे भाडे एकदा वाहतूकदाराला द्यावे लागते आणि त्या भाड्यावरचे शुल्क पुन्हा सीमाशुल्क खात्याला.