सहा पेन्सची पैज

१९६० च्या सुमारास टोनी होअर नावाचा एक इंग्रज विद्यार्थी मॉस्को विद्यापीठात रशियन वाक्यांचं यंत्राकडून इंग्रजी भाषांतर करून घेण्याच्या खटपटीत होता. शब्दकोश चुंबकीय फितीवर, वर्णक्रमाने. प्रत्येक शब्दासाठी फीत मागेपुढे फिरवणं परवडणारं नव्हतं, म्हणून वाक्यातले शब्दच आधी क्रमाने लावून घ्यायचे होते. त्यालाही पहिल्यांदा शेजारशेजारच्या जोड्यांची अदलाबदल करत जाणारा बबल सॉर्टच सुचला. तो रखडणार हे ओळखून त्याने दुसरी युक्ती काढली: एक शब्द निवडायचा, त्याच्या आधीचे अलीकडे, नंतरचे पलीकडे, आणि दोन्ही गटांत पुन्हा तेच. पुढे इंग्लंडमध्ये एलियट ब्रदर्स कंपनीत त्याला क्रम लावण्याच्या डोनाल्ड शेलच्या पद्धतीचा प्रोग्राम लिहायला सांगितलं. तो लिहून झाल्यावर ‘याहून वेगवान पद्धत माझ्याकडे आहे’ असं त्याने साहेबांना सांगितलं. साहेबांनी सहा पेन्सची पैज लावली आणि हरले. १९६१ मध्ये ती युक्ती ‘क्विकसॉर्ट’ या नावाने छापून आली.

तेव्हा हिशेब सरळ होता: तुलना किती झाल्या ते मोजा. १० लाख आकड्यांना बबल सॉर्ट सुमारे ५० हजार कोटी तुलना घेतो (आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या जर्नलमध्ये तो अजून भक्तिभावाने उतरवला जातो). क्विकसॉर्ट सरासरी अडीच कोटींच्या आसपास. पण जॉन फॉन नॉयमनने १९४५ मध्येच लिहिलेला, क्रमात लागलेले तुकडे जोडत जाणारा मर्ज सॉर्ट दोन कोटींच्याही आत उरकतो. कागदावर क्विकसॉर्ट हरलेला आहे. यंत्रावर मात्र तो बहुधा पुढे, कारण त्याला वेगळी जागा लागत नाही आणि तो मेमरीतले आकडे ओळीने वाचत जातो. १९६४ चा हीपसॉर्ट कसल्याही माहितीवर कोलमडत नाही, पण मेमरीत इकडून तिकडे उड्या मारतो, आणि आजच्या प्रोसेसरला नेमकं तेच महाग पडतं.

क्विकसॉर्टची खोड सगळ्यांना माहीत होती. निवडलेला आकडा दरवेळी टोकाचाच निघाला, तर त्याचा बबल सॉर्ट होतो. असं प्रत्यक्षात कुठे घडतं, म्हणून लोक निर्धास्त होते. १९९१ मध्ये बेल लॅब्जमधल्या अ‍ॅलन विल्क्स आणि रिक बेकर यांचा क्विकसॉर्ट वापरणारा, काही मिनिटांत संपायला हवा असा प्रोग्राम तासन्‌तास चालत राहिला. माहिती काही विचित्र नव्हती. आधी चढत जाणारी आणि मग तशीच उतरणारी संख्यांची रांग. त्यातून तिथल्याच बेंटली आणि मॅकइलरॉय यांनी १९९३ मध्ये क्रम लावण्याचं नवं फंक्शन लिहिलं. १९९७ मध्ये डेव्हिड मुसरने तर सरळ पहारा बसवला: गटांचे गट पडत फार खोल जाऊ लागले, की क्विकसॉर्ट थांबवून हीपसॉर्टच्या हाती काम द्यायचं.

मला विचाराल तर खरी हुशारी २००२ ची. टिम पीटर्सने पायथन या संगणकभाषेसाठी टिमसॉर्ट लिहिला, तो एक साधी गोष्ट धरून: खऱ्या जगातली माहिती पत्त्यांसारखी पिसलेली नसते. हजेरीपट असो की बँकेच्या नोंदी, त्यात आधीच लागलेले तुकडे असतात. ते हुडकायचे, छोटे असतील तर हातातले पत्ते लावतो तसे एकेक सरकवून वाढवायचे आणि मग जोडायचे. आधीच क्रमात असलेल्या १० लाख आकड्यांना तो ९,९९,९९९ तुलना करतो आणि थांबतो. जावा या दुसऱ्या संगणकभाषेनेही तो उचलला. २०१५ मध्ये काही संशोधक तो बरोबर आहे याची सिद्धता मांडायला बसले, आणि त्यांना चूकच सापडली. तेरा वर्षं कोट्यवधी यंत्रांवर चालून ती कुणाला दिसली नव्हती.

२०२३ मध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाडेव्ह या एआय प्रणालीने क्रम लावणाऱ्या प्रोग्रामचे नवे तुकडे शोधले. बातम्यांत ७० टक्के वेगाचा आकडा झळकला. तो अगदी छोट्या याद्यांचा. अडीच लाखांपुढच्या याद्यांना फायदा सुमारे १.७ टक्के. तीन आकडे लावायला यंत्राला आधी १८ सूचना लागत, आता १७ लागतात.